संकट येण्याआधी भरायची वही

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे गाढ झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी आपल्या भागातली जुनी घरे. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच माळवदे त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी नोंदीप्रमाणे 7,928 माणसे गेली. 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

अशा वेळी पहिल्या काही तासांत ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्यांचे असतात. लष्कर, डॉक्टर, यंत्रे हे सारे येते, पण त्याला वेळ लागतो. किल्लारीतही तसेच झाले. नंतर महाराष्ट्रभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. त्याच दिवसांत जोराचा पाऊस पडला. मदत घेऊन येणाऱ्या आणि केवळ पाहायला येणाऱ्या वाहनांनी रस्ते भरून गेले. एकीकडे जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले आणि दुसरीकडे कुणाला नेमके काय हवे, हे सांगणारे कुणी नव्हते. लोकांच्या दानतीत काही कमी नव्हते. कमी होती ती आधी केलेली तयारी.

आपल्या नांदेड-लातूरमध्ये मशीद कमिट्या आहेत, अंजुमन आहेत, बैतुलमाल आहेत, कब्रस्तान कमिट्या आहेत, महिलांचे बचत गट आहेत. पूर आला, आग लागली की ही मंडळी धावून जातात. देगे चढतात, बिर्याणीची पाकिटे वाटली जातात. ही खिदमत मोलाचीच आहे. पण संकटाच्या दिवशी धावून जाणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम शांततेच्या दिवसांत, एका साध्या वहीत करायचे असते. हा लेख त्या वहीबद्दल आहे.

तवक्कुल आणि तदबीर

"जे व्हायचे ते होणारच, अल्लाह मालिक आहे," असे म्हणून तयारीचा विषय टाळणारे काही लोक भेटतात. अल्लाह मालिक आहे यात शंकाच नाही. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्या माणसाला प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी आधी उंट बांध आणि मग तवक्कुल कर असे सांगितले, ही तिर्मिजी शरीफमधली हदीस आपण मुलांनाही शिकवतो.

सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ अलैहिस्सलाम बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगून थांबत नाहीत, ते योजनाही सांगतात. सात वर्षे नेटाने पेरा, खाण्यापुरते धान्य काढा आणि बाकीचे कणसातच राहू द्या. कणसात ठेवलेले धान्य अधिक टिकते, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पुढच्या सात कोरड्या वर्षांत तेच धान्य कामी आले. कोठारांची जबाबदारी स्वतःकडे मागताना त्यांनी दोन गुण सांगितले: राखण करणारा आणि जाणकार. मदतकार्य करणाऱ्याकडे आजही हेच दोन गुण हवेत.

हजरत उमर रजियल्लाहु अन्हु यांच्या काळात हिजरी सन 18 च्या सुमारास अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्यांनी शाम आणि मिसरहून धान्य मागवले, मदीनेत सामूहिक जेवण सुरू केले आणि जेवायला आलेल्यांची मोजणी करवली. जे येऊ शकत नव्हते, म्हणजे आजारी माणसे आणि लहान मुले, त्यांचीही मोजणी झाली, असा उल्लेख इतिहासात येतो. जो येऊ शकत नाही त्याची मोजणी हाच मदतीच्या योजनेचा पाया आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांवर येणारी संकटे

वही भरण्याआधी आपल्या मोहल्ल्यावर कोणते संकट येऊ शकते, हे ठरवायला हवे. सगळ्यांसाठी एकच यादी चालत नाही.

पहिले संकट पाण्याचे. नांदेड शहर गोदावरीच्या काठावर आहे आणि शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी प्रकल्प आहे. त्याचे दरवाजे उघडले की खडकपुरा, नावघाट, गंगाचाळ अशा सखल वस्त्यांचे डोळे नदीकडे लागतात. पाऊस शहरात नाही, वर कुठेतरी पडतो. पाणी मात्र इथे चढते. म्हणून आकाशाकडे पाहून अंदाज बांधण्यापेक्षा विसर्गाची बातमी ऐकणे महत्त्वाचे. 18 ऑगस्ट 2025 रोजी मुखेड तालुक्यात याहून कठीण प्रसंग आला. मुक्रमाबाद मंडळात 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, लेंडी नदीच्या परिसरातल्या हसनाळ, रावणगाव अशा गावांत रात्रीतून पाणी शिरले, माणसे आणि जनावरे दगावली आणि लष्कराची तुकडी बोलवावी लागली.

दुसरे भूकंपाचे. किल्लारीच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, त्याच परिसरात सौम्य धक्के जाणवले होते. 21 मार्च 2024 आणि 10 जुलै 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. सौम्य धक्क्यानंतर मोठा धक्का येतोच असे नाही, आणि भूकंपाची वेळ आधी सांगणारे शास्त्र आज कुणाकडेच नाही. अशी वेळ सांगणारा संदेश मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवू नये. पण मोहल्ल्यातली कोणती घरे जुन्या दगड-मातीची आहेत, हे मात्र आजच कळू शकते.

तिसरे दुष्काळाचे आणि उन्हाचे. 2016 मध्ये लातूरला पाण्यासाठी जमाव होऊ नये म्हणून कलम 144 लावावे लागले. त्या वर्षीच्या 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी. दुष्काळ हळूहळू येतो, म्हणून त्याला आपण आपत्ती मानत नाही. पण टँकरच्या रांगेत उभी राहू न शकणारी म्हातारी पुरात अडकलेल्या माणसाइतकीच एकटी असते.

पान पहिले: माणसे

वहीच्या पहिल्या पानावर पैशांचा हिशेब नको, माणसांची यादी हवी. ज्यांना स्वतःहून घराबाहेर पडता येणार नाही अशा माणसांची. अंथरुणाला खिळलेले वडीलधारे, दिव्यांग, ऐकू न येणारे, दिवस भरत आलेल्या बाया, डायलिसिसवर असलेले रुग्ण, मुलांसह एकट्या राहणाऱ्या विधवा. प्रत्येक नावापुढे त्यांना घ्यायला जाणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे. दोन अशासाठी की एक गावाला गेलेला असू शकतो.

ही यादी पुरुषांनी चौकात बसून होत नाही. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, कुणाची सून माहेरी गेली आहे, हे बायकांना ठाऊक असते. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटातल्या भगिनींना सोबत घेतले तर शंभर घरांची यादी दोन-तीन दुपारींत होऊ शकते. यादी करताना घर कुणाचे आणि धर्म कोणता हे पाहू नये. मोहल्ल्याच्या टोकाला राहणारे मातंग, मराठा, लिंगायत कुटुंबही त्याच पाण्यात सापडते आणि शेजाऱ्याचा हक्क शेजारी म्हणून असतो.

ही माहिती अमानत आहे. कुणाचा आजार, कुणाचे एकटेपण मोबाईलच्या गटात टाकायचे नाही. वहीच्या दोनच प्रती असाव्यात, एक पुरुष जबाबदाराकडे आणि एक महिला जबाबदाराकडे.

पान दुसरे: जागा, चाव्या आणि पाणी

पुराच्या रात्री लोकांना कुठे न्यायचे? शाळा, शादीखाना, मदरसा, मशिदीचा वरचा मजला. जागेचे नाव लिहिणे पुरेसे नाही. ती जागा नदीच्या पातळीपेक्षा उंच आहे का? चावी कुणाकडे असते? दुसरी चावी कुठे आहे? वीज गेली तर उजेड कशाचा?

इथे थोडे गणित करावे. आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी जगभर मानले जाणारे किमान प्रमाण असे: एका माणसाला साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला 15 लिटर पाणी आणि साधारण 20 माणसांमागे एक शौचालय. शंभर चौरस मीटरच्या सभागृहात या हिशेबाने 28 माणसे राहतील. आपण मात्र "हॉल मोठा आहे, दोनशे माणसे सहज मावतील" असे म्हणतो. दोनशे माणसांना दिवसाला 3,000 लिटर पाणी आणि 10 शौचालये लागतील. एवढी सोय नसेल तर दुसरी, तिसरी जागा आधीच ठरवावी. महिलांसाठी वेगळी खोली, कडी लागणारे शौचालय आणि वाटेवर उजेड नसेल तर आपल्या भगिनी रात्रभर पाणीही पिणार नाहीत. सामानाच्या यादीत सॅनिटरी पॅड लिहायला लाजू नये.

पुरानंतरचे पाणी गढूळ असते आणि जुलाबाची साथ तिथूनच सुरू होते. क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या आरोग्य केंद्रातून आधीच मागून ठेवाव्यात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे. पुराबरोबर साप घरात येतात. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, हे याच पानावर लिहावे. झाडफूक करण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

पान तिसरे: कोण काय करणार

संकटाच्या दिवशी सगळेच देगेजवळ उभे राहतात. म्हणून कामे आधी वाटावीत. एक गट माणसे बाहेर काढणारा, एक निवारा सांभाळणारा, एक स्वयंपाकाचा, एक आजारी-जखमींचा, एक नोंदी ठेवणारा. प्रत्येक गटात महिला हव्यात. जखमी बाईला उचलणे, तिला काय हवे ते विचारणे हे काम महिलाच नीट करू शकतात. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उतरायचे नाही, हा नियम ठळक अक्षरांत लिहावा. मदतीला गेलेला तरुणच वाहून गेला तर ते घर कोण सावरणार?

मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून सूचना द्यायची वेळ आली तर कोण बोलणार आणि काय बोलणार, हे पोलीस ठाण्याशी आधी बोलून ठरवावे. दोन-तीन वाक्यांचा मजकूर तयार असावा, मराठीत आणि दखनीत. कुठे जायचे, काय सोबत घ्यायचे, कोणता रस्ता टाळायचा. घाबरलेल्या माणसाला भाषण नको असते.

एक कठीण विषयही याच पानावर लिहावा लागतो. किल्लारीनंतर सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. एकाच वेळी अनेक मय्यती झाल्या तर गुस्ल देणारे पुरुष कोण, महिला कोण, कफन कुठे मिळेल, हे कब्रस्तान कमिटीने लिहून ठेवावे. मय्यत लवकर दफन करावी हे खरे, पण आपत्तीत मृत्यू झाला असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद झाल्याशिवाय घाई करू नये. नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्याच्या वारसांना 4 लाख रुपयांची सरकारी मदत मिळते आणि ती या कागदांवरच ठरते.

पान चौथे: कागद आणि पैसा

शाळेत काम करताना एक गोष्ट रोज दिसते. दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर नंतर. एका कागदावर "आयेशा बेगम", दुसऱ्यावर "आयशा बी". उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना एकाच बाईची तीन नावे होतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात याने महिना जातो. घर पडल्यावर पंचनाम्यातले नाव बँक खात्याशी जुळले नाही, तर मदत कुटुंबापर्यंत पोचतच नाही. संघटनेने उन्हाळ्याच्या सुटीत एक शिबिर घेऊन लोकांची नावे दुरुस्त करून दिली, तर ती एखाद्या ट्रकभर धान्याएवढी मदत ठरेल. प्रत्येक घरात आधार, शिधापत्रिका, पासबुक, घराचा उतारा यांच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंच जागी ठेवायला सांगावे.

पैशांचा हिशेब तीन रकान्यांत ठेवावा: जकात, सदका आणि सर्वसाधारण इमदाद. जकातीचे खर्चाचे मार्ग ठरलेले आहेत आणि बहुतेक उलमांच्या मते ती गरजू मुसलमानांसाठी राखलेली असते. सदका आणि इमदाद मात्र कोणत्याही गरजवंताला देता येते. सगळे पैसे एकाच डब्यात पडले तर शेजारच्या गरजू कुटुंबाला देताना हात अडखळतो किंवा जकातीचा हक्क चुकतो. आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. लोकवर्गणी काढण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाच्या नियमांची चौकशी करावी आणि नंतर जमाखर्च मशिदीच्या फळ्यावर लावावा. हिशेब खुला असला की पुढच्या वेळी मागावे लागत नाही.

नियोजन असले तर पैसा कुठवर जातो, हे इचलकरंजीने दाखवले. 2020 च्या रमजानमध्ये तिथल्या मुस्लिम समाजाने सुमारे 36 लाख रुपये जमवून आयजीएम या सरकारी रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. कोरोनाच्या त्या दिवसांत तो सगळ्या शहराच्या उपयोगी पडणारा होता.

एकट्याने नाही

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. आपल्या संघटनेचे नाव, जबाबदार माणसांचे फोन आणि निवाऱ्याच्या जागा एका पत्राने तहसील कार्यालयाला आणि जिल्हा आपत्ती कक्षाला कळवाव्यात. 1077 हा जिल्हा आपत्ती कक्षाचा, 112 पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीचा आणि 108 रुग्णवाहिकेचा क्रमांक. हे तीन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहावेत.

नांदेडकरांना शिकायला दूर जायला नको. गुरुद्वाऱ्याचा लंगर रोज चालतो. भांडी, सरपण, धान्य, वाढणारे हात, सगळे रोजचे असते, म्हणून आपत्तीच्या दिवशी तिथे नव्याने काही जमवावे लागत नाही. गुरुद्वाऱ्याचे सेवादार, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, बुद्धविहाराची मंडळी यांच्याशी पावसाळ्याआधी एकदा बसून कोण जेवण देणार, कोण पाणी, कोण औषध हे ठरले, तर एकाच वस्तीत जेवणाच्या चार गाड्या आणि पलीकडे एकही नाही, असे होणार नाही.

टीव्हीवाले परतल्यानंतर

आपल्या बहुतेक संघटनांचे काम आठ दिवसांत संपते. घर उभे राहायला मात्र वर्षे लागतात. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत महिला "संवाद सहायक" म्हणून काम करू लागल्या. घरदुरुस्तीचे अनुदान कसे मिळते, सिमेंट किती लागते, दगडी भिंत भूकंपात टिकावी म्हणून काय करायचे, हे त्यांनी शिकून गावाला सांगितले आणि अडलेली कामे कार्यालयापर्यंत नेली. चूल सांभाळणाऱ्या बायकांनी अभियंत्यांशी बोलून घरे उभी करवून घेतली. 2001 मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या महिला आपला अनुभव घेऊन गुजरातला गेल्या.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर दोन भगिनी आणि दोन भाऊ अशी चार नावे असावीत. त्यांचे काम आठव्या दिवसानंतर सुरू होईल. कुणाचा पंचनामा राहिला, कुणाचा हप्ता अडला, कोणत्या मुलीची शाळा सुटली, याचा वर्षभर पाठपुरावा ही मंडळी करतील.

हिजरी महिने ऋतूंमधून फिरत राहतात, म्हणून या वहीची तारीख रमजान किंवा ईदला बांधू नये. मृगाआधी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती भरावी. दर वर्षी 30 सप्टेंबरला ती पुन्हा उघडून पाहावी. गेलेल्यांची नावे काढावीत, नव्या बाळंतिणींची घालावीत, चाव्या खरोखर लागतात का ते पाहावे. त्या दिवशी किल्लारीच्या मरहूमांसाठी आणि सर्व मृतांच्या घरच्यांसाठी दुआ करावी. शंभर पानी वही पन्नास-साठ रुपयांना मिळते. पुढच्या जुम्म्यानंतर कमिटीची दहा माणसे आणि मोहल्ल्यातल्या दहा भगिनी यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली, तर येत्या पावसाळ्यापर्यंत ती भरून होईल, इन्शाअल्लाह.